मुफीतच्या हातातलं सुकाणू

तुर्गुतरेइसच्या धक्क्याजवळ मुफीतचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या गावाला एका जुन्या तुर्की दर्यासारंगाचं नाव आहे आणि मुफीत त्या सारंगाचा भक्त. तुर्गुत, हैरेद्दीन, सगळ्यांच्या लढाया त्याला तोंडपाठ. प्रेवेझाच्या लढाईत वारा कसा पडला हे तो सांगायला लागला की आमचा चहा निवून जायचा. पण स्वतः कधी होडीत बसला नव्हता. पाण्याला भ्यायचा.

"सारंगसाहेब, पाय तरी भिजवा एकदा," असं लोक म्हणत. तो भिंग डोळ्याला लावून मान खाली घालायचा.

नोव्हेंबरात एका दुपारी त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने, जेलाल कोळ्याने, त्याला बळेच होडीत घातलं. समोरच्या बेटाजवळचं जाळं उचलायचं आणि परत यायचं, एवढंच. जाळं निम्मं वर आलं आणि लोदोस सुटला, आमचा दक्षिणेचा वारा. होडी एका बाजूला कलली, जेलाल घसरून इंजिनाच्या कठड्यावर आपटला. त्याचा उजवा हात कोपरातून मोडला.

"मुफीत, सुकाणू धर."

"मला नाही जमायचं, दाजी."

"मग दोघंही मरू. धर."

मुफीतने धरलं. त्याची तुमान ओली झाली होती, ती समुद्राच्या पाण्याने नव्हे, हे त्याने पुढे मला स्वतः सांगितलं. एकाही सारंगाचं नाव आठवेना. समोर नुसत्या करड्या भिंती उठत होत्या. जेलाल तळाशी पडून ओरडत होता, "लाटेला कूस देऊ नकोस, नाळ वर ठेव, पुढचं टोक!" मुफीत रडत होता आणि सांगितलं तसं करत होता. मधेच जेलाल गप्प झाला, तेव्हा तो सगळ्यात जास्त घाबरला. "बोला ना दाजी, शिव्या द्या, पण बोला." जेलालने शिव्या दिल्या.

तासाभराने होडी आमच्या धक्क्यावर धाडकन आदळली, नाळ फुटली. मुफीतची बोटं सुकाणूवरून आम्हाला एकेक करून सोडवावी लागली.

जेलालचा हात जुळला, थोडा वाकडाच. मुफीत त्यानंतर होडीत चढला नाही. लढाया अजून सांगतो, फक्त आता मधेच थांबतो. परवा विचारत होता, "त्या सारंगांच्या गलबतांत पाठमोरे बसणाऱ्या वल्हेकऱ्यांना लाटा दिसत असतील का रे? की नुसत्या ऐकू येत असतील?"