मुलाला आमचं, मुलीला तुमचं

मेदीरकाकांना गावात सुन्येर म्हणून कुणी ओळखतच नव्हतं, ही मुळात गंमत. बार्सेलोनाच्या उत्तरेला, आमच्या गावारेसच्या डोंगरात माणूस घरावरून ओळखला जातो. त्यांच्या घराचं नाव मुसोल, म्हणजे घुबड. का, ते कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे काका मुसोलवाले, काकू मुसोलवाली, दारातलं कुत्रंसुद्धा मुसोलवाल्यांचं. सुन्येर हे आडनाव दोनच ठिकाणी होतं: त्यांच्या ओळखपत्रावर आणि माझ्या वहीत.

माझी वही म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूची. मी रेमेई. गावच्या कचेरीच्या माडीवर एका खोलीत ही नोंदणी चालते, तिथली चिटणीस मी एकतीस वर्षं होते. मंगळवार आणि गुरुवार, दहा ते एक. कोण जन्मलं, कोण कुणाच्या गळ्यात पडलं आणि कोण गेलं, सगळं माझ्या अक्षरात. न्यायाधीशसाहेब येत, सही करत आणि घरी जात. बोलणी खायला मी.

काकांनी आयुष्यभर बाटल्यांची बुचं कापली. चौदाव्या वर्षी कारखान्यात गेले ते थेट पेन्शन घेऊनच बाहेर पडले. नंतर करायचं काय? म्हणून दर गुरुवारी बाराच्या सुमाराला धापा टाकत माझ्याकडे माडीवर यायचे, काही काम नसताना. खुर्ची ओढून बसायचे आणि सुरू व्हायचे.

"रेमेई, आमच्यात काउंट होऊन गेलाय बरं का. इथल्याच एंपुरियेसचा. हजार वर्षांपूर्वी."

"काका, सुन्येर हे त्याचं नाव होतं, आडनाव नव्हे. तेव्हा आडनावं होती कुठे?"

"तुला मेलीला सगळं माहीत! बरं, चित्रकार? सिट्जेसचा? त्याची चित्रं बार्सेलोनाच्या मोठ्या संग्रहालयात टांगलीत, ती काय खोटी?"

"ती खरी."

"आणि महापौर? खुद्द बार्सेलोनाचा?"

"महापौराचं ते दुसरं आडनाव होतं, काका. आईकडचं."

"महापौर झाल्यावर पहिलं काय न् दुसरं काय!" असं म्हणून टेबलावर थाप मारायचे. इतर कुणाचं दुसरं आडनाव सुन्येर निघालं की मात्र नाक मुरडायचे. आमच्याकडे प्रत्येकाला दोन आडनावं, आधी बापाचं, मग आईचं; लग्नानंतरही बाईची तीच राहतात. पुढच्या पिढीला पहिलं तेवढं जातं, दुसरं गळून पडतं. काकांचं म्हणणं, दुसरं आडनाव म्हणजे स्टेशनवर हात हलवायला आलेले पाहुणे, गाडीत बसणारे नव्हेत.

आता दुखणं असं, की काकांना एकच अपत्य, रोझेर. भाऊ नाही, पुतण्या नाही. गावातच काय, पलीकडच्या चार गावांतही दुसरा सुन्येर नव्हता. रोझेरने लग्न केलं ब्लाई जिफ्रेशी. गवंडीकाम करणारा, अबोल, सोन्यासारखा माणूस. पण जिफ्रे! आमच्या पंचक्रोशीत दगड मारला तर जिफ्रेला लागेल. काउंट, चित्रकार, महापौर सगळे होऊन गेले आणि शेवटी घराण्याच्या गाडीला ब्रेक लागणार तो आपल्या दारात, हे काकांना सहन होईना. एकदा माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मी मेलो की संपलं गं. असं वाटतं, मीच कुणाचा तरी जीव घेतोय."

मग तो कायदा आला. आईबाप राजी असतील तर बाळाला आईचं आडनाव आधी लावता येईल. काका वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आले, वय वर्षं अडुसष्ट. मला म्हणतात, "वाच! मोठ्याने वाच!" मी वाचलं. त्यांनी माझ्या कपाळाचा मुका घेतला. मला कुणी असं केलेलं अजिबात खपत नाही, पण त्या दिवशी खपवून घेतलं.

त्यानंतर वर्षभरात, दोन हजार एकच्या मे महिन्यात, रोझेर बाळंत झाली. मुलगी झाली. मारियोना.

चौथ्या दिवशी ब्लाई आणि काका नोंद करायला आले. ब्लाईच्या खिशात रोझेरच्या सहीचा कागद होता: आईचं आडनाव आधी लावायला माझी संमती आहे. त्याने तो काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "सुन्येर आधी लावा, रेमेईबाई. जिफ्रे काय, पायलीला पन्नास. सासरेबुवांना बरं वाटेल."

मला वाटलं, आता काका नाचतील. तर काकांनी कागदावर हात ठेवला.

"थांब रे. घाई काय आहे?" एखाद्या मोठ्या मनाच्या माणसाचा आव आणून जावयाला म्हणाले, "सगळं आमच्याच पदरात घेणं बरं दिसत नाही. तुझ्या आईबापांनाही काही वाटतंच ना? असं करू. ही मुलगी, हिला तुमचं लाव. पुढे मुलगा होईल त्याला आमचं. मुलाला आमचं, मुलीला तुमचं. हिशेब चोख."

"पण रोझेर म्हणाली होती..."

"रोझेरला मी सांगतो. मुलीवर आडनाव वाया का घालवायचं? उद्या ही लग्न करून जाणार."

माझं डोकं असं सणकलं म्हणता! मीही कुणाची तरी मुलगीच होते. आणि खरी गोष्ट आता सांगते, ती लपवायला मी ही गोष्ट सांगत नाहीये. मला नियम माहीत होता. पहिल्या अपत्याला, मुलगा असो की मुलगी, जो क्रम लागतो, तोच पुढच्या सगळ्या भावंडांना लागतो. बदलता येत नाही. तसं परिपत्रक आलं होतं, मी ते वाचून डाव्या खणात ठेवलं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. म्हटलं, "काका, एक मिनिट, ऐका..."

"तू लिही गं," काका म्हणाले. "बायकांना यातलं काय कळतं!"

झालं. मी तोंड मिटलं. मनात म्हटलं, लिहिते की. घे. आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: मारियोना जिफ्रे सुन्येर. ब्लाईने सही केली. संमतीचा कागद घडी करून परत खिशात ठेवताना बिचाऱ्याचा चेहरा पडला होता. रोझेर पुढे दोन महिने बापाच्या घरी फिरकली नाही.

माझा राग संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. तो पटकन चढतो आणि पटकन उतरतो. पण वहीत उतरलेली शाई उतरत नाही.

चार वर्षांनी मुलगा झाला. पोल. काका ब्लाईला घेऊन आले ते टाय लावून. सोबत गोड दारूची बाटली आणि रोझेरच्या सासूने तळलेल्या बुन्योलांचा डबा, वर साखर भुरभुरलेली. मला आधी खायलाच लावलं. एक बुन्योल तोंडात असतानाच मी सांगितलं.

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही, काका. मोठीला जिफ्रे लागलं, आता यालाही जिफ्रेच."

"पण आपलं ठरलं होतं! तू इथे बसली होतीस, तुझ्यासमोर ठरलं होतं!"

"तुमचं ठरलं होतं. सरकारचं नव्हतं."

ब्लाई म्हणाला, "आम्ही दोघंही सही करून देतो. काय हवं ते लिहून देतो." मी नाही म्हणून मान हलवली. काका दुसऱ्या दिवशी बस पकडून जिरोनाला गेले, तिथल्या मोठ्या कचेरीत. तिथेही तेच उत्तर मिळालं. वकिलाकडे गेले, तोही तेच म्हणाला. परत आले ते एकदम म्हातारे होऊन. डबा माझ्याकडेच राहिला होता, तो न्यायलासुद्धा आले नाहीत.

एवढं मात्र वकिलाने सांगितलं होतं, की अठरा पूर्ण झाली की ज्याचं तो स्वतः क्रम बदलून घेऊ शकतो. म्हणजे पहिली पाळी मारियोनाची. तिची अठरा भरतील तेव्हा काका सत्त्याऐंशी. आणि पोलच्या अठराव्या वर्षी एक्क्याण्णव. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं, त्यावरून पोलची वाट बघण्यात अर्थ नव्हता. शिवाय पोल गावच्या संघात फुटबॉल खेळायचा. त्याने आधीच हात झटकले होते. "आजोबा, माझ्या जर्सीवर जिफ्रे छापून झालंय."

म्हणजे सगळी मदार त्या मुलीवर. आणि देवाची करणी बघा, तीच मुलगी आजोबांची लाडकी. शाळा सुटली की मुसोलच्या घरीच असायची. त्यांची औषधं, त्यांच्या कानातलं यंत्र, त्यांच्या पायाची नखं, सगळं मारियोना. काकाही तिच्यावर जीव टाकायचे. मतलबापुरता नाही, खराखुरा जीव. पण तिला ते विचारू शकत नव्हते.

"तूच विचार ना गं," ते मला दर गुरुवारी म्हणायचे.

"मी का विचारू?"

"ती विचारेल, तेव्हाच का नाही लावलं? मग मी काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"कुठल्या तोंडानं सांगू?" असं म्हणून खिडकीबाहेर बघत बसायचे. आणि मी कागद इकडचे तिकडे करत बसायचे, कारण मला तरी कुठे तोंड होतं?

मारियोनाच्या अठराव्या वाढदिवसाला रविवार होता. रोझेरने मला जेवायला बोलावलं. अंगणात शेगडीवर सशाचा भात केला होता. जेवण उरकत आलं, ब्लाईने पाव मोडून वाटला, पोल फोनमध्ये डोकं घालून बसला होता. मला दिसत होतं, काका ताटातला भात नुसता चिवडत होते. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. नको म्हणून दाबला की विचारा म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

"मारियोना," काका म्हणाले, "एक मागायचं होतं तुझ्याकडे."

"मागा की."

"तू आता मोठी झालीस. रेमेईकडे जाऊन एक सही केलीस, तर तुझं सुन्येर आधी येईल. बाकी काही बदलत नाही. आपल्यात काउंट होऊन गेला, चित्रकार..."

"माहितीय आजोबा, महापौर." ती हसली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "पण बाबा तर म्हणतात, त्यांना तेव्हाच सुन्येर लावायचं होतं. मग लावलं का नाही?"

रोझेर उठून भांडी गोळा करायला लागली. ब्लाई ताटाकडे बघत राहिला. एवढी वर्षं त्या दोघांनी पोरीला खरं कारण एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगणार नव्हते. काका खोटं बोलू शकले असते. कचेरीने घोळ घातला म्हणाले असते तरी मी मान डोलावली असती, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण ते म्हणाले, "तू मुलगी होतीस म्हणून. मला वाटलं, पुढे मुलगा होईल, त्याच्यासाठी राखून ठेवू."

मारियोना त्यांच्याकडे बघतच राहिली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. तशी पोर नाहीच ती. एवढंच म्हणाली, "मग आता कशाला, आजोबा? मी अजूनही मुलगीच आहे."

आणि उठून त्यांच्या औषधाची गोळी आणि पाणी घेऊन आली, कारण दोनची गोळी द्यायची वेळ झाली होती. काकांनी ती निमूट गिळली.

तिने सही केली नाही. त्यांची सेवाही सोडली नाही, अगदी पहिल्यासारखी करत राहिली. काकांना तेच जास्त लागलं असावं. चिडली असती तर समजूत काढता आली असती. समजूत काढायला काही उरलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ते आले. जिना चढताना तीनदा थांबले, मला वर ऐकू येत होतं. खुर्चीत बसले. काउंट नाही, चित्रकार नाही. मला वाटलं, आता मी सांगून टाकावं. म्हणावं, काका, मला माहीत होतं, रागाच्या भरात मी गप्प बसले. शब्द अगदी ओठावर आले होते. तेवढ्यात त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला.

"चूक माझी, रेमेई," ते म्हणाले. "तुझा काय दोष? तुला नियम माहीत असता तर तू मला सांगितलंच असतंस."

"हो, काका," मी म्हणाले.