रगड्याला ताट घेऊन गेलेला माणूस

खटाव तालुक्यातला एकही पोरगा आमच्या साडूंना विचारल्याशिवाय फौजेच्या ट्रेनिंगला गेलेला नाही, आणि गेला असेल तर तो टिकलेला नाही, असं आमच्या समस्त पाहुण्यारावळ्यांचं ठाम मत आहे. पाहुण्यारावळ्यांत माझी बायकोही आली. साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, वडूजला त्यांची पिठाची गिरणी आहे. आता मी स्वतः उभी हयात फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. बर्फात राहिलो, वाळवंटात राहिलो, छातीवर लावायला मेडलं आहेत. साडूंची एकूण फौजी नोकरी जेमतेम अडीच महिने. ट्रेनिंग सेंटरातच त्यांचा गुडघा गेला आणि त्यांना घरी पाठवलं. तरीही ट्रेनिंगला निघालेली पोरं कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन पायाला हात लावायला जातात ती साडूंच्या. माझ्याकडे येतात ती कॅन्टीनमधून मिक्सर स्वस्तात मिळेल का, हे विचारायला. माझा जळफळाट होतो आणि मी तो लपवत नाही. लपवून उपयोगही नाही, बायकोला तो माझ्या चहाच्या घोटाच्या आवाजावरून कळतो.

बरं, अडीच महिन्यांत माणसाने किती फौजी व्हावं? साडूंच्या गिरणीत दळणाचे डबे तीन-तीनच्या रांगेत उभे असतात, उंच डबे मागे, बुटके पुढे. एकदा एका म्हातारीने ज्वारीचा डबा कुठेतरी टेकवला, तर साडू गंभीरपणे म्हणाले, "आवं आत्या, तुमचा डबा लाईन तोडतोय." म्हातारी म्हणाली, "मंग वरड की त्येच्यावर. मला कशाला सांगतुयास?" साडूंनी खरोखर डब्याकडे रागाने बघितलं आणि मग तो उचलून रांगेत ठेवला. आम्ही सांगलीला विश्रामबागेत राहतो. साडू आमच्याकडे यायला निघाले की शहर बसचा कंडक्टर "विश्राम…" एवढं ओरडेपर्यंत यांचे पाय फाकतात आणि हात पाठीमागे जातात. "…बाग!" होईपर्यंत गृहस्थ गर्दीत सुटल्या हातांनी डुलत उभा. एकदा असेच ते एका प्राध्यापकांच्या मांडीवर जाऊन बसले. वास्तविक हे माझ्या बाबतीत व्हायला हवं. मी त्याच बसने रोज जातो, पण माझे पाय कधी जागचे हलले नाहीत, आणि हे सांगायलाही मला वाईट वाटतं.

साडूंच्या सल्ल्याची सुरुवात नेहमी रगड्याच्या गोष्टीने होते. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात कवायत शिकवणारे उस्ताद सगळ्यांवर भडकून म्हणाले, "शाम को सबको रगडा मिलेगा!" साडूंनी तोवर रगडा एकच पाहिलेला, साताऱ्याच्या स्टँडबाहेरच्या गाड्यावरचा, वर बारीक शेव घातलेला. सरकारला आपली एवढी काळजी आहे हे पाहून त्यांना भरून आलं. संध्याकाळी ते ताट आणि चहाचा मग घेऊन मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. उस्ताद त्या ताटाकडे बघत राहिले. साडूंनी अदबीने विचारलं, "साब, कांदा अलग से मिलेगा क्या?" फौजेत रगडा म्हणजे अंगाचं पीठ पाडणारी शिक्षा, हे ज्ञान त्यांना पुढे कोलांट्या मारता मारता झालं. ताट खाली ठेवायची परवानगी मिळाली नाही. "एका हातात ताट आन् एका हातात मग," साडू उभं राहून दाखवतात, "आन् मी आपला गोल गोल. समदं सेंटर बगायला आलं हुतं, गड्या!" पोरं हसून हसून पिठाच्या पोत्यांवर लोळतात. माझ्याकडेही गोष्टी आहेत. बर्फातल्या चौकीची तर अशी आहे की ऐकताना अंगावर काटा यावा. ती सांगायला लागलो की पोरं हाताची घडी घालून सरळ बसतात आणि संपली की "भारी काका" म्हणून उठतात. आजवर एकानेही मला एकसुद्धा प्रश्न विचारलेला नाही.

मग साडूंचे सल्ले सुरू होतात. काय तर म्हणे, नवा बूट घरीच घालून चार दिवस ढेकळांतून हिंडा. टाचेला कोरडा साबण चोळा. पायाची नखं सरळ कापा, गोल कापू नका. "उस्तादाच्या नजरंत भरू नगा. लय हुश्शार आन् लय येडा, दोगांचीबी नावं त्येला पैल्या दिवशी पाठ व्हत्यात. तुमी मधी ऱ्हावा." शेजारच्या खाटेवरच्याला, तो कुठल्याही मुलखातला असो, पहिल्या दिवशी घरचा लाडू द्या, कारण अंथरुणाची घडी नीट बसली नाही तर तोच धावून येणार. एका पोराने विचारलं, "काका, आन् घाबरल्यावर?" साडू म्हणाले, "घाबरायचं की! मी रोज घाबरायचो. फकस्त घाबरत घाबरत लायनीत हुबं ऱ्हायाचं." यात शौर्य कुठे आहे, देश कुठे आहे? आणि तरी ते पोरगं असं निवांत झालं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं, पण यंदा माझा ओंकार अग्निवीर म्हणून निवडला गेला. मी मनातल्या मनात तयारी केली. याला आता कुणाकडे जायची गरज नाही, सुभेदार घरात आहे. रात्रीच्या जेवणाला मी शिस्तीपासून सुरुवात केली. ओंकारने सगळं ऐकून घेतलं, ताट उचललं आणि म्हणाला, "पप्पा, एकदा काकांकडं जाऊन येतो." मी म्हणालो, "जा की. मीही येतो."

गिरणीत साडूंनी मला मानाने खुर्ची दिली, फडक्याने पीठ झटकून. स्वतः पोत्यावर बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, खरं फौजी तुमी. आदी तुमी सांगा." माझ्या बोलण्यात व्यत्यय नको म्हणून त्यांनी चालू गिरणी बंद केली. मी इतिहासापासून सुरुवात करून सीमेपर्यंत आलो तेव्हा बाहेर दळणाला आलेल्या बायका खोकायला लागल्या होत्या. मी थांबल्यावर ओंकार साडूंकडे वळला. "काका, त्या ताटाचं सांगा की." त्याला ती गोष्ट लहानपणापासून पाठ आहे. पुढे साडू त्याला एका बाजूला घेऊन काहीतरी हळू बोलले, ओंकारने मान डोलावली. मी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, फोनचं होतं."

मिरजेहून तो गाडीत बसला. पहिल्या रविवारी साडूंच्या पुतण्याच्या लग्नाची सुपारी फुटायची होती, म्हणून आम्ही वडूजला होतो. ट्रेनिंगमधल्या पोरांना रविवारी थोडा वेळ मोबाईल मिळतो, त्यामुळे मी सकाळपासून फोन हातातून खाली ठेवला नव्हता. पंगत बसली तरी साडूंचा पत्ता नाही. त्यांना बोलवायला मी गिरणीकडे गेलो. दार अर्धं लोटलेलं. आत साडू पोत्यावर बसून फोनवर बोलत होते. "रड. लाजू नगंस. हितं मी आन् गिरणी, दोगंच हाय. आमी कुणाला सांगत न्हाई. आटपलं? नाक शिंकर. आता आईला लाव."

फोन ठेवून त्यांनी मला बघितलं. "या पाव्हणं. गावातलं पोरगं हुतं. आवं, पैला फोन आईला लावला की तिचा आवाज ऐकून पोरगं फुटतंय. मंग हितं आई आठवडाभर जेवत न्हाई. म्हनून म्या समद्यांला सांगून ठिवलंय, आदी मला लावायचा. म्या ट्रेनिंगात हुतो तवा माजा फोन कुणी उचलला न्हवता, म्हनून."

एवढ्यात त्यांचा फोन पुन्हा वाजला. पडद्यावर नाव होतं, ओंकार सांगली.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला. मला तो घ्यायचा होता. हात अर्धा पुढेही गेला. पण त्याने मला लावला नव्हता. मी मानेनेच नको म्हटलं, दार लोटलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो. आतून साडूंचं नुसतं "हां… हां… हाय की मी," एवढं ऐकू येत होतं. ते बराच वेळ चाललं.

मग माझा फोन वाजला. "पप्पा! लय भारी आहे इथं. जेवण एक नंबर. काळजी करू नका." आवाज खणखणीत होता, फक्त नाक चोंदलेलं. मी विचारलं, "सर्दी झाली का रे?" तो म्हणाला, "हो, थोडी." मी शाबास म्हणालो, आणि आईशी बोल म्हणून लगबगीने मांडवाकडे जाऊन फोन तिच्या हातात दिला. तीही हसून बोलली. ती त्या दिवशी पोटभर जेवली.

साडू मागून आले. डोळे पुसल्यामुळे त्यांच्या दोन्ही गालांना पीठ लागलं होतं. "पाव्हणं, पोरगं खुशीत हाय न्हवं?" त्यांनी विचारलं, जणू त्यांना काही माहीतच नाही. मी म्हणालो, "एकदम खुशीत आहे." "झालं तर मंग," म्हणून त्यांनी मला हाताला धरून पंगतीत शेजारी बसवलं आणि माझ्या पानात आग्रहाने जिलबी वाढायला लावली. मी ती खाल्ली. माझा पोरगा माझ्याशी हसून बोलला होता, आणि मला त्याचं रडणं हवं होतं.