गिऱ्हाईक नसलेली माणसं

परवापासून राजनंदिनी मोबाइल पालथा घालून जेवत होती. तो वाजला की तिचा घास हातातच राही. लेकीला काय झालंय, या घोरानं तिच्या आईला, छायाला, दुसरं काही सुचेना.

अंबाजोगाईत छायाच्या भाच्याचं, प्रविणचं, ऊसतोडणी यंत्रांचं दुकान. वेबसाइटवर चौकशी करणाऱ्यांना राजनंदिनी उत्तरं लिही. पहिल्याच दिवशी प्रविणनं बजावलं होतं, "ज्याला मशीन घ्यायची न्हाई, त्याला दोन ओळीत वाटंला लाव. गोड बोलून, पण लाव."

पोरीला ते जमेना. कुणी नोकरी मागे, कुणी नुसतंच 'जेवलात का?' विचारी. ऊसतोडीला जाणारे लिहीत, 'मशीन आली तर आमी कुठं जायचं?' आणि न विचारता नाव, गाव, फोन नंबर, एका जोडप्याचा एक या हिशेबानं कोयते किती, सगळं सांगून टाकत. हातानं तोड अजून कुठं चालते, ते शोधून राजनंदिनी त्यांना कळवी.

"आत्या, तुमची पोरगी दुकान चालवतीय का धर्मशाळा?" प्रविण हसे, पण अडवत नसे. छायाला वाटे, माहेरचं रक्त, मन मोठं.

त्यांच्यातल्याच दिंद्रुडच्या सुंदरबाईनं लिहिलं होतं, 'नंबर कुणाला देऊ नको गं. आमची टोळी नेणाऱ्या जुन्या मुकादमानं माझ्या पोरीवर हात टाकला, म्हणून बदललाय.' राजनंदिनीनं शब्द दिला होता.

आज दुपारी तिनं मोबाइल आईपुढं सरकवला. सुंदरबाईची एकच ओळ होती, 'त्याचा फोन आला. तुला लेकीवानी समजले व्हते.' त्यानंतर ती राजनंदिनीचा फोन उचलत नव्हती.

छायानं भाच्याला गाठलं. "सुंदरबाईचा नंबर मुकादमाकडं कसा गेला?"

"मीच दिला, समद्यांचेच दिले. त्याला टोळीला माणसं पायजे व्हती, बदल्यात मशीनला गिऱ्हाईक आणतो म्हणला. आन् ही माणसं आपली गिऱ्हाईकं थोडीच हायेत, आत्या?"

"राजनंदिनीनं शब्द दिला होता रे."

"शब्द तिनं दिलता, मी न्हाई. आता गावभर करू नका. दिवाळीला माहेरी यायचं हाय ना?"

याला तिनं कडेवर खेळवलं होतं. लेकीला याच्या हवाली केलं, तेही तिनंच.

घरी येऊन तिनं सुंदरबाईचा नंबर स्वतःच्या फोनवर घेतला. नंबर कुणी दिला, ते नावानिशी सांगायचं. पोलिसांत तक्रारीला जायचं असेल, तर सोबत येते म्हणायचं.

"आई, मग मामाचं घर तुटेल."

"तुटू दे," छाया म्हणाली, आणि तिनं फोन लावला.