हेलन मॅडमच्या भिंतीवरचा हार

कप हातात असेल तर आधी खाली ठेवा. हे ऐकताना माझ्या एका मैत्रिणीने चहा सांडला, आणि डाग पडला माझ्या ओढणीवर. सांगायची लाज वाटते, पण न सांगता राहवतही नाही, असं काहीतरी मी इथे सौदीतल्या बुरैद्यात करून बसले आहे.

मी मूळची घाबरट. लिफ्टचं दार जोरात लागलं तरी दचकते. अशी मुलगी फिजिओथेरपी शिकून सौदीला आली आणि टिकली, ती केवळ हेलन मॅडममुळे. त्या इस्पितळातल्या आमच्या विभागाच्या प्रमुख. इंग्लंडमधल्या डेव्हन नावाच्या परगण्यातल्या. परगणा म्हणजे आपला जिल्हा समजा. मी चुकले की ओरडत नाहीत, फक्त म्हणतात, "स्नेहल, पुन्हा करून बघ." मला इथे आईच्या जागी कुणी असेल तर त्याच.

सुट्टीहून परत निघताना आईने त्यांच्यासाठी एक डबा कागदात घट्ट बांधून दिला. "उघडू नकोस, वास उडेल," म्हणाली. देताना काय बोलायचं तेही पाठ करून घेतलं. मी डबा दिला, वाक्य म्हटलं आणि पळाले.

मग एका संध्याकाळी त्यांनी मला घरी चहाला बोलावलं. दिवाणखान्याची अख्खी भिंत जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंनी भरलेली. गवताने शाकारलेली घरं, दगडी पूल, घोडागाडीवर दुधाचे हंडे, सफरचंदं वेचणाऱ्या बायका, शाळेच्या पायरीवर ओळीने बसलेली मुलं. सगळं त्यांच्या गावचं. बाहेर वाळूचा वारा सुटलेला आणि भिंतीवर ते ओलं, हिरवं गाव. म्हणजे हिरवं मी मनाने केलं.

मधोमध एक बेकरी. दारात पावाची टोपली घेतलेली तरुण बाई, हनुवटीवर ठसठशीत तीळ.

आणि त्या फोटोला चंदनाचा हार.

आता तुम्हीच सांगा, भिंतीवरच्या फोटोला चंदनाचा हार दिसला तर मराठी माणूस काय समजेल?

"माझी आई," मॅडम म्हणाल्या. "फार आठवण येते तिची."

माझं बिस्किट चहात पडलं. "खूप... खूप वर्षं झाली का?"

"झाली की. पण आता बास. येत्या गुरुवारी आम्ही दोघी एकत्र असू."

मी कपबशी खाली ठेवली. मॅडम मात्र शांत. इतक्या शांत की मला जास्तच भीती वाटली.

"जाताना ते कुंडीतलं झाड घेऊन जा हं," त्या म्हणाल्या. "आणि ती खुर्चीसुद्धा. सगळं मोकळं करायचंय मला."

मी झाड घेतलं आणि सरळ हमीदाखालाचं दार वाजवलं. खाला म्हणजे मावशी; ही रत्नागिरीकडची जुनी नर्स, माझ्याच मजल्यावर राहते. माझं रडगाणं ऐकायचा तिला सराव आहे.

"हार हाय म्हणून मेली?" खाला म्हणाली. "आमच्यात तर कुणी फोटोला हार घालीत नाय."

"आमच्यात मेल्याशिवाय घालत नाहीत, खाला."

"मग तिलाच विचार ना."

"काय विचारू? मॅडम, गुरुवारी मरणार आहात का?"

खालाने झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग उठून अबायाचा काळा झगा चढवला. "एकटा सोडायचा नाय तिला. यल्ला, चल."

त्या दिवसापासून आमचा पहारा सुरू झाला. खाला रोज काहीतरी शिजवून नेणार, समोर बसून त्यांना खाऊ घालणार आणि आपल्या पाच बहिणींच्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगणार. तेवढ्यात मी स्वयंपाकघरात शिरून सुऱ्या, कात्री आणि दिसेल ती गोळ्यांची बाटली माझ्या पिशवीत घालणार. घरी ठेवायलाही भीती वाटे, म्हणून पिशवी खांद्यावरून उतरवतच नव्हते.

बुधवारी मॅडम म्हणाल्या, "स्नेहल, माझी पावाची सुरी कुठे दिसत नाही गं."

"सुरी कशाला हवी?" माझा आवाज चिरकला.

"पाव कापायला."

"हाताने तोडा ना, मॅडम. जास्त गोड लागतो."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, त्यांना कळलं की मला कळलंय.

गुरुवारी दुपारी विभागात बघते तर त्यांची खुर्ची रिकामी. अर्ध्या दिवसाची रजा. फोन बंद. मी खालाला वॉर्डातून अक्षरशः ओढून काढलं आणि टॅक्सीत कोंबलं. खाला वाटेत दुआ पुटपुटत होती, मी रामरक्षा. दोन्ही अर्ध्यातच अडकत होत्या.

बेल वाजवली. आत पावलं. सावकाश, सरपटल्यासारखी.

दार उघडलं. समोर एक पांढऱ्या केसांची म्हातारी. हातात टोपली, टोपलीत पाव. हनुवटीवर ठसठशीत तीळ.

मी जी किंकाळी फोडली ती ऐकून वरच्या मजल्यावरचं इजिप्शियन कुटुंब जिन्यात आलं. पिशवी खांद्यावरून निसटली. सुऱ्या, कात्री, बाटल्या, सगळं फरशीवर घरंगळत म्हातारीच्या पायांशी.

म्हातारीने वाकून सुरी उचलली. "हेलन," तिने आत हाक मारली, "तुझी पावाची सुरी सापडली."

खालाने कपाळावर हात मारला. "जिती हाय गो ही!"

मॅडम धावत आल्या. आई विमानतळावरून नुकतीच आलेली, तिच्यासाठी खोली मोकळी करायची होती, फोन चार्जिंगला. गोळ्या जीवनसत्त्वांच्या. हे सगळं मला रडता रडता समजलं.

"पण हार?" मी हुंदके देत म्हणाले. "हार का घातलात?"

"तूच दिलास," मॅडम म्हणाल्या. "डब्यातून. म्हणालीस, ज्यांना आपण सगळ्यात जास्त मान देतो त्यांच्यासाठी हे असतं. माझ्यासाठी तशी आईच. ती इथे नव्हती, म्हणून फोटोला घातला."

आईने सत्काराचा हार दिला होता. आपल्याकडे तोच हार गळ्यात असला तर सत्कार, आणि भिंतीवर चढला की माणूस गेला. हे त्या दोघींना मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. म्हातारी इतकी हसली, इतकी हसली की खरंच काही होतंय की काय, म्हणून खालाने नाडी धरली.

म्हातारीने तेव्हाच माझा एक फोटो काढून घेतला. हातात पावाची सुरी, नाक लाल. तो आता मॅडमच्या त्या भिंतीवर, बेकरीच्या शेजारी लागलाय. माझ्या लेकीची राखण करणारी मुलगी म्हणून सगळ्यात जास्त मान हिचा, असं म्हणून तिने स्वतःच्या हाताने हारही तिथे चढवलाय. मी काय बोलणार?

परवा मॅडमच्या घरून मी आईला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, कशी सुंदर भिंत आहे," म्हणत फोन कौतुकाने फिरवला. घोडागाडी झाली, पूल झाला, बेकरी झाली, शेजारची मी झाले.

मग तिकडून जी किंकाळी आली, ती थेट माझीच होती. तो हार तिने स्वतःच पाठवलाय, हे आईला अजून पटलेलं नाही. रोज सकाळी फोन करून ती आधी विचारते, "स्नेहल, आहेस ना?"