शिकागोचे डिटेक्टिव्ह आणि अप्पांची पत्रं

अक्का, मद्रास सेंट्रलवर मुंबईची गाडी हलली, तेव्हा तू पदरानं डोळे पुसत होतीस आणि अप्पा खिडकीबरोबर चालत सांगत होते, "बोटीवर जपून रे. पोचलास की लिही."

शिकागोत शिकताना मी एका विधवा बाईंच्या घरी खोली घेतली होती. त्यांच्याकडे टेलिव्हिजन होता. शुक्रवारी संध्याकाळी त्यावर डिटेक्टिव्हची मालिका लागे. हॅट घातलेला, तुटक बोलणारा तो माणूस अर्धवट जळालेल्या सिगारेटवरून खुनी ओळखायचा. मी त्याच्याही आधी ओळखायचो. "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही," असं बाई म्हणाल्या की मी फुगून जाई.

अप्पांचं पत्र दर पंधरवड्याला येई. त्यांचं कचेरीतलं बारीक, वळणदार अक्षर वर्षभरात मोठं झालं. मग ओळी खाली उतरू लागल्या, एकमेकींवर चढू लागल्या. पुढे पत्रं तुझ्या हातची यायला लागली, खाली त्यांची वाकडी सही. मला वाटलं, अप्पा आळसावले.

चार वर्षांनी मद्रासला, ट्रिप्लिकेनच्या आपल्या घरी आलो. अप्पा झोपाळ्यावर बसले होते. मी समोर उभा, आणि ते भिंतीकडे तोंड करून तुला विचारत होते, "कोण आलंय गे, तुळजा?" मी पाय धरले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. "वाळलास की रे. तिथं सापाडु, पोटभर जेवण मिळत नाही काय?"

स्वयंपाकघरात तू हळूच म्हणालीस, "त्यांनीच शपथ घातली होती. त्याला कळवू नकोस, शिक्षण टाकून धावत येईल म्हणाले."

मी मान खाली घातली. अक्का, मी आलो नसतो. हे तेव्हा तुला सांगायचं धैर्य झालं नाही.

संध्याकाळी शेजारी जमले. अप्पांनी हौसेनं मी पत्रात लिहिलेली टेलिव्हिजनची गोष्ट सांगायला लावली. मी सांगितली. अप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले, "खुनी कोण ते ह्याला आधीच कळलं! पाहिलंत?" सगळे हसले. तू आत निघून गेलीस.

तीन आठवड्यांनी मी परत इकडे शिकागोला आलो. अप्पा गेले तेव्हाही इथंच होतो. इथले लोक मला चांगला, हुशार माणूस समजतात, आणि त्यांच्यात मी निवांत वावरतो. मद्रासला उतरलो की मात्र तुझ्याकडे मान वर करून बघवत नाही. जिथं आपल्याला खरं ओळखतात, घर तेच असावं, अक्का.