खिडकीखालचा समुद्र

खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या काचेवर शेवाळ चढतं. रविवारी ब्लेडनं खरवडा, बुधवारी पुन्हा हिरवं. आमच्या टाकीचे किस्सेही तसेच. एक सांगून संपवावा, तर त्याच्या जागी दोन उगवतात. घरी आलेल्या कुणी खिडकीखाली बघून "ह्यात मीठ घालता?" असं विचारलं, की झालं!

आम्ही तिघं. मी लोणावळ्यातल्या एका शाळेत सायन्स शिकवायचो. साळवी मालगाडीवर गार्ड. युसूफभाईंचं बाजारात काचा आणि फोटोफ्रेमचं दुकान.

टाकीची कल्पना साळवीची. सुमन, माझी पत्नी, गेली त्याला महिना झाला होता. तो घरी आला, खिडकीखाली तिची खाट होती त्या मोकळ्या जागेकडे बघत बसला आणि म्हणाला, "सर, इथं काहीतरी ठेवायला पाहिजे."

"कपाट ठेवीन," मी म्हटलं.

"कपाट हलत नाही. मासे ठेवू. समुद्राचे!"

सुमन रेवदंड्याची. आजारपणात तिचं एकच मागणं होतं, बरी झाले की एकदा समुद्राला नेऊन आणा. मी हो म्हणालो होतो. ते राहून गेलं. म्हणून साळवीलाही हो म्हणालो, आणि मनाशी ठरवलं, की तिच्या वर्षश्राद्धापर्यंत समुद्राचा एक तरी मासा त्या जागी जिवंत ठेवायचा. बोललो मात्र कुणाशीच नाही.

*

युसूफभाईंनी लोखंडी अँगलची चौकट केली, पुट्टी लावून काचा बसवल्या. पाणी विहिरीचं, मीठ वाण्याकडचं, खडेमीठ. किती घालायचं हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नाही!

साळवी चमच्यानं चाखत होता आणि दर वेळी म्हणत होता, "अजून!"

शेवटी युसूफभाईंनी चमचा हातात घेतला, चव घेतली, डोळे मिटले.

"सर, मासे नकोत. कैऱ्या टाका. लोणचं मस्त होईल."

ते पाणी मी अंगणात ओतलं. अबोलीचं एक झाड गेलं. मासा एकही गेला नाही, कारण तो आणलाच नव्हता!

*

मग ठरलं, खराच समुद्र आणायचा. साळवी म्हणाला, "मुंबईहून आणतो." सुट्टीच्या दिवशी पहाटे गेला तो संध्याकाळी एस.टी. स्टँडवर उतरला. दोन कॅन आणि झाकणाला भोकं पाडलेला एक डबा. रेल्वेचा पास खिशात असलेला माणूस एस.टी.नं का आला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दारूबंदीचे दिवस. स्टँडवर शिपाई उभाच होता.

"कॅनमध्ये काय?"

"समुद्र."

"मस्करी करतोस?"

झाकण उघडलं. त्यानं वास घेतला. समाधान होईना, म्हणून बोट बुडवून चाटलं आणि तिथंच थुंकला.

"खारट आहे!"

"मग साहेब, समुद्र गोड असतो का?"

शिपाई खात्री करायला घरापर्यंत आला. डब्यातला मासा टाकीत सोडला तेव्हा तो आमच्यापेक्षा जास्त वाकून बघत होता. बोटभर लांब, पिवळसर, अंगावर पाच काळ्या पट्ट्या.

"वीस वर्षं नोकरी झाली," शिपाई म्हणाला, "मला एक पट्टी मिळेना. ह्याला पाच!"

तेव्हापासून माशाचं नाव हवालदार. शिपाई अधूनमधून यायचा. दारात चपला काढायचा आणि विचारायचा, "आमचे साहेब जेवले का?"

*

हवालदार रमला. खडकाच्या तुकड्यामागं त्याचं घर, भिजवलेला जवळा हे जेवण. चैत्र आला आणि टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलं. साळवीनं पुन्हा समुद्र आणला, आम्ही भर घातली. पुन्हा खाली गेलं, पुन्हा भर. तिसऱ्यांदा भर घातली आणि हवालदार वर येऊन धापा टाकायला लागला.

मी शाळेतला लॅक्टोमीटर आणला. दुधात सोडतात तोच. साळवीनं आणलेलं पाणी त्यावर पंचविसाला उभं राहायचं, हे मी आधी बघून ठेवलं होतं. आता टाकीत तो बत्तिसाच्या वर!

तेवढ्यात कुरवंड्याची हौसाबाई दूध घेऊन आली. बारा वर्षं आमच्याकडं तिचंच दूध. सुमनच्या आजारपणात पावसापाण्यातही एक दिवस चुकली नव्हती. टाकीत लॅक्टोमीटर तरंगताना बघून ती उंबऱ्यातच थबकली.

"माज्या दुदात घालत व्हता ते घालत व्हता. आता समिंदरात बी पानी हाय का बघताय व्हय, सर?"

मी तिला सगळा प्रकार सांगितला. ती हसत सुटली.

"आटलं ते पानी आटलं. मीठ कुटं उडून जातंय? दूद लय आटलं म्हून त्यात आनी दूदच वतत्यात का? साधं पानी वता की!"

पंधरा वर्षं मी मुलांना बाष्पीभवन शिकवत होतो!

किती ओतायचं, हे गणित मी कागदावर मांडायला घेतलं. तोवर हौसाबाईनं टाकीतलं थोडं पाणी बाहेर काढून आपलं माप उचललं होतं. एक माप ओतलं, थांबली. बाकीचं संध्याकाळी, असं सांगून गेली, मग येऊन आणखी दोन ओतली, शेवटचं अर्धं. लॅक्टोमीटर हलला, डुलला आणि बरोबर पंचविसाला उभा राहिला.

तेव्हा बघायला आलेल्या युसूफभाईंनी विचारलं, "हौसाबाई, हात इतका बरोबर कसा हो बसला?"

"रोजची सवय हाय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पळालीच!

*

ज्येष्ठात वीज गेली ती चार दिवस. हवेचा पंप बंद. युसूफभाईंनी ट्रकची ट्यूब आणली, तिला बारीक नळी लावली, नळीला चिमटा. ट्यूबमध्ये हवा भरायची, ती बुडबुड्यांनी टाकीत जायची. अर्ध्या तासानं पुन्हा सायकलचा पंप. साळवी ड्यूटीच्या कपड्यांत येऊन पंप मारायचा, युसूफभाई नमाज आटोपून.

तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील मुलाच्या मार्कांचं विचारायला आले. मी घामाघूम, हातात पंप.

"सर, शाळा सोडली का?"

"नाही हो."

"मग बरं. माझ्या सायकलीतही जरा मारून द्या. आलोच आहे तर!"

मारून दिली.

हवालदार वाचला, पण त्यानं खाणं सोडलं. जवळा तसाच तळाला जायचा. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. वर्षश्राद्ध परवावर आलं होतं.

*

आषाढातला तो दिवस. बाहेर पाऊस असा, की समोरचं घर दिसत नव्हतं. गुरुजींनी विधी केले, मी अंगणाच्या भिंतीवर छत्रीखाली घास ठेवला. कावळा काही येईना. तासभर सगळे दारात. साळवी, युसूफभाई, खिरीचं दूध घेऊन आलेली हौसाबाई.

"आज न्हाई यायचा, सर," हौसाबाई म्हणाली. "कुरवंड्यापास्नं चालत आले, वाटंत एक दिसला न्हाई."

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. हौसाबाईनं भिंतीवरच्या घासातली चार शितं चिमटीत उचलली आणि टाकीपाशी गेली.

"त्यो बी उपाशीच हाय न्हवं?"

शितं हळूहळू खाली जाऊ लागली. खडकामागून हवालदार बाहेर आला. एका शिताभोवती फिरला. मग त्यानं ते घेतलं. मग दुसरं.

साळवी म्हणाला, "गुरुजी, हे चालेल का?"

गुरुजी पंचा सावरत टाकीपाशी आले, वाकून बघत राहिले. "शास्त्रात कावळा सांगितलाय." मग माझ्याकडं वळले. "बाई कुठल्या?"

"रेवदंड्याच्या."

"आणि हा?"

"मुंबईचा," मी म्हटलं.

"नाही," साळवी जमिनीकडं बघत म्हणाला. "रेवदंड्याचाच. पाणीसुद्धा."

गुरुजींनी हातातला दर्भ खाली ठेवला.

"मग पानं वाढा," ते म्हणाले.