आईने पाहिलेले चक्रवाक

मंडळी, आज सकाळी आईला घेऊन नांदूरमध्यमेश्वरला जाऊन आले. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच कुठे बाहेर पडली.

लहानपणी बाबा मला ओझरहून स्कूटरवर तिथे पक्षी दाखवायला न्यायचे. आई कधीच आली नाही. रविवारचा स्वयंपाक तिच्याकडे असायचा.

आज पाण्याकाठी चक्रवाकाची जोडी दिसली. मी बाबांची दुर्बीण तिच्या हातात दिली आणि सांगू लागले, "आई, हे हिमालयापलीकडून..."

"माहीत आहे गं. थंडीत येतात, जोडीनं राहतात. तुझे बाबा जेवताना सगळं सांगायचे."

ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "रंग मात्र त्यांना नीट सांगता आला नाही."

नुसतं ऐकण्यावरच समाधान मानलेलं कुणी तुमच्याही घरी आहे का? एकदा घेऊन जा त्यांना.